सुताराच्या दारचं कुत्रं

१

गडमुडशिंगीत सकाळचं विमान डोक्यावरून गेलं की पारूबाईच्या मांडणीवरची पातेली किणकिणायची, आणि मनाली लॅपटॉप उघडून वाचायला बसायची. विमान एखाद्या दिवशी चुकायचं, पोरीचं वाचन चुकायचं नाही. आणि वाचायचं ते मोठ्यानं.

ही खोड पारूबाईनंच लावलेली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कानावरून गेलेलं डोक्यातून जात नसे. मनाली पहिलीत होती तेव्हापासून नातीनं वाचायचं आणि आजीनं लसूण सोलत ऐकायचं, असा शिरस्ता. काल वाचलेलं आज वेगळं आलं की आजीचा हात थांबायचा. "काल चौतीस म्हणालतीस." पोरगी चिडायची, पान उलटून बघायची, आणि चौतीसच निघायचे. पुढं पोरगी इंजिनियर झाली, राजारामपुरीतल्या एका लहान कंपनीत लागली, घरी बसून काम करू लागली, तरी मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. पारूबाईलाही पडायची नाही.

कामही ऐकण्यासारखंच होतं. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या पाच गावांत घाटावर एकेक खोली बांधलेली, खोलीत एकेक यंत्र. त्या यंत्रात एक प्रोग्राम आठही प्रहर जागा. नदीतल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघायचं आणि ठरल्या खुणेला लागलं की भोंगा वाजवायचा. त्याला कुणी बघत नाही, कुणी हाक मारत नाही, मागच्या मागं तो राबत असतो. मनालीच्या साहेबांनी, सौमित्र सरांनी, त्याचं नाव ठेवलं होतं 'जागल्या'.

गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात बाहेरच्या कुणीतरी लांबून त्या जागल्याच्या अंगात शिरून एका गावचा भोंगा वाजवला होता. माणसं तापल्या रस्त्यावर अनवाणी पळाली. तेव्हा वरून हुकूम आला, की ह्याला चौकट घाला. ती चौकट लिहायचं काम मनालीकडं आलं.

"ह्यात लिहिलंय तेवढंच त्यानं करायचं," मनालीनं आजीला समजावलं होतं. "पट्टी बघायची, भोंगा वाजवायचा, आपल्या वहीत लिहायचं. ह्यात न्हाय ते मना."

"आणि मालकानं सांगितलं तर?"

"तरी न्हाय. मालकाच्या वर कागद."

"मग त्यो मालक कसला?" पारूबाई म्हणाली आणि दोघीही हसल्या.

चौकटीबाहेरचं काही त्यानं मागितलं की नकार मिळायचा, आणि नकाराची वेळेसकट नोंद व्हायची. ती नोंद मनाली सकाळी वाचायची. येत्या शुक्रवारी तिनं सही करून द्यायची होती, की पाची यंत्रं चौकटीत आहेत आणि कारण न कळलेला एकही नकार शिल्लक नाही. सही झाली तर तिची नोकरी कायम. आणि सही खोटी पडली तर? पाणी येईल त्या दिवशी भोंगा गप्प राहील, नाहीतर भोंगा वाजेल आणि खोट्या भोंग्यांना विटलेलं कुणी उठणार नाही. मनालीला पहिल्यापेक्षा ह्या दुसऱ्याची जास्त धास्ती होती. आजीची नात होती ती.

चार गावांच्या नोंदी कोऱ्या होत्या. पाचवं गाव पारूबाईचं माहेर. त्याचं नाव सांगून उपयोग नाही. ऊस आहे, नदी आहे, आणि पाणी चढलं की तीन बाजूंनी चढतं, एवढं पुरे.

२

सोमवारी मनाली वाचू लागली आणि मधेच अडखळली.

सांजचे सहा वाजून चाळीस मिनिटं. जागल्यानं मागितलं: पाटील, घर नंबर सात. नकार. पुन्हा पाटील, घर नंबर सात. नकार. पुन्हा तेच. नकार. मग दोन मिनिटं काही नाही. मग चौगुले, तीन वेळा. तीन नकार.

त्या यंत्रात ग्रामपंचायतीची घरांची यादीही ठेवलेली होती. प्रत्येक घराचं एक पान, पानावर माणसांची नावं आणि फोन. तिचा कारभार दुसऱ्या प्रोग्रामकडं, भोंगा झाला की त्या फोनांवर निरोप धाडणाऱ्या. जागल्याचा त्या यादीशी काडीचा संबंध नव्हता, ती कुठं ठेवली आहे हेही त्याला सांगितलेलं नव्हतं. तरी तो एकेका पानाशी जाऊन तीनदा मागत होता आणि नकार घेऊन पुढच्या पानाशी जात होता. सव्वाचारशे घरांच्या यादीतली अडतीसच घरं त्यानं मागितली. बाकीच्या एकालाही शिवला नाही.

मनालीनं सगळे उपाय केले. बाहेरून कुणी आत आलंय का बघितलं, कुणी नव्हतं. जागल्याचा मूळ मजकूर काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तोही मोठ्यानं. पारूबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ह्यात पाटील कुठं हुता?"

नव्हताच. ना पाटील, ना चौगुले, ना घर, ना यादी. दुपारी मनालीनं तो जागल्या पुसून टाकला आणि दुसऱ्या गावातला, निर्मळ असलेला, उचलून तिथं बसवला. सांजच्याला सहा चाळीसला त्यानं पाटलाचं घर मागितलं.

३

मंगळवारी मनाली वैतागूनच वाचत होती.

"नंबरानं बघितलं तर कशाचा अर्थच लागत न्हाय, आज्जी. मगदूम एकवीस, सुतार बावीस. भिंतीला भिंत. पण हा मगदुमाचं घर झालं की बावीस सोडून एकसष्ट नंबरला जातोय, मुल्लाणीकडं, गावाच्या पार त्या टोकाला. तिथनं गुरव, कुंभार, नरदे, सगळा वेढा घालून परत येतोय आणि मग सुतार मागतोय. शेवटी. अडतिसावं घर. शेजारचं घर सोडून असं कोण जातं?"

लसूण सोलणारा हात थांबला.

सुताराच्या दारात कुत्रं होतं. काळं, एका कानाचं. काठीचा आवाज ऐकला की दोरी तोडायला बघायचं. म्हणून ते दार शेवटी घ्यायचं. तोवर सुतार पेठेतून घरी आलेला असायचा आणि कुत्र्याला आत घ्यायचा. सत्तर वर्षं झाली. कुत्रं मेलं, सुतार मेला, त्याचा ल्योक मेला, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे असं कुणीतरी सांगत होतं.

पारूबाईनं स्वतःलाच झापलं. म्हातारपणी कान वाजतात तशी आठवणही वाजत असेल. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याखाली बसून तिनं चार पोरं आणि सात नातवंडं वाढवली होती आणि एकालाही भुताची भीती घालू दिली नव्हती. आपल्यात तसलं काही मानत न्हाईत, म्हणजे न्हाईत. पंचायतीनं कुठली तरी जुनी यादी बघून नवी केली असेल. असंच असेल.

पण लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली.

"आज सांजचं ते चालू असताना उघड," ती म्हणाली. "मी सांगते. तू नुसतं बघ."

सहा वाजता दोघी सोप्यात बसल्या. दार उघडं होतं, बाहेर शेजाऱ्यांची पोरं क्रिकेट खेळत होती. सहा चाळीसला मनालीनं मान हलवली, आणि पारूबाई भिंतीकडं बघत बोलू लागली.

"पाटील."

"व्हय."

"चौगुले. मग मगदूम."

पडद्यावर चौगुले उमटला होता, आणि थोड्या वेळानं मगदूम.

"आता मुल्लाणी. जरा वेळ लागंल, लांब हाय."

लागला. सात मिनिटांनी मुल्लाणी आला, तीनदा. बाहेर कुणीतरी आऊट झालं म्हणून गिल्ला झाला. त्यापुढं पारूबाई नाव घ्यायची आणि मागोमाग ते पडद्यावर यायचं. जणू म्हातारी पुढं चालली होती आणि मागून कुणी येत होतं. का तो पुढं होता आणि ती मागं, सांगता येईना. कुंभार झाल्यावर ती म्हणाली, "नरदे."

पडदा रिकामाच. एक मिनिट गेलं, तीन गेली. मनालीच्या तोंडावर जरा हुशारी आली. चुकली आज्जी.

"चुकले न्हाय," पारूबाई म्हणाली. "नरद्याकडं त्यो पाणी पितो. म्हातारी वरनं ओतायची, ह्यो ओंजळ धरायचा. तहान भागली की मग ठोका."

पाचव्या मिनिटाला पडद्यावर नरदे उमटला. तीन वेळा.

मनालीनं लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले, तव्यावरून काढावेत तसे. मग अगदी हळू विचारलं, "आज्जी, हे कोण हाय?"

पारूबाईनं एवढंच सांगितलं, की तिचा बा, गुंडू, त्या गावचा येसकर होता. गावाची वेस राखायची, सांज झाली की घुंगराची काठी घेऊन घरोघर फिरायचं, दारात काठी तीनदा आपटायची आणि उभं राहायचं. कुणी भाकरी टाकली तर घ्यायची. पारू सहा-सात वर्षांची असल्यापासून टोपली घेऊन मागं असायची. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. थोरला पाटील माणूस चांगला होता. एकदा गारा पडत होत्या तर म्हणाला, गुंडू, आत ये. आणि मग त्यालाच आठवलं, की आत ये म्हणायची मुभा त्यालाही नाही.

"तू मला कागद समजावलास न्हवं, मालकाच्या वर असतो त्यो," पारूबाई म्हणाली. "बाला बी तसाच कागद हुता. फकस्त कुणी लिहिलेला नव्हता."

४

बुधवारी सकाळी विमानाच्या आधीच सौमित्र सरांचा फोन आला. मनालीनं सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं, की पाचव्या गावचे नकार थांबत नाहीत आणि कारण सापडत नाही.

सर रागावले नाहीत. ते समजुतीनं बोलले, तेच जास्त वाईट. म्हणाले, नकार मिळतोय ना, मग चौकट भक्कम आहे. त्रास नकाराचा नाही, नोंदीचा आहे. "एक ओळ टाक ना, मनाली. मागू दे त्याला, नकार देत राहा, फक्त लिहू नको. शुक्रवारी वही कोरी दिसली पाहिजे. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला बसवावं लागेल तुझ्या जागी."

अशी ओळ टाकता येते. खोटीही म्हणता येत नाही, सगळेच कधी ना कधी टाकतात. मनालीनं ती लिहिली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली. हे मागेल तेव्हा दार उघडू नको, आणि मागितलं होतं हेही लिहू नको.

पारूबाई उठून दारात गेली. मग तिनं जे सांगितलं ते मनालीच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं.

धम्म घेतला त्याच्या पुढच्या साली गुंडूनं काठी चुलीत घातली. गाव चिडलं. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरलं, आणि ठरलं ते सगळ्यांनी पाळलं. त्याच्या पुढच्या श्रावणात नदी चढली. काम सोडलेलं असलं तरी नदीवर डोळा ठेवायची सवय सुटलेली नव्हती. पारू आणि तिची आई मावशीकडं, माळावर गेलेल्या. गुंडूनं सरपणातलं एक दांडकं उचललं आणि गावात शिरला. दारादारात तीन ठोके.

"कुणी दार उघडलं न्हाय," पारूबाई म्हणाली. "ऐकलं समद्यांनी. मागनं सांगायची की माणसं, ठोका ऐकला म्हणून. पण त्याला ओ द्यायची न्हाय असं ठरलेलं. पाणी उंबऱ्याला लागल्यावर पळाली समदी, जगली. बा न्हाय जगला."

"का?"

"पायाला तीच वाट ठावी. सदतीस दारं, मग सुतार, मग आमची आळी. आमची आळी नदीला लागून. पयलं पाणी तिथंच. आधी तिकडं जायचं, एवढं बी त्याला सुचलं न्हाय. आळीतली माणसं आपली आपण कवाच बाहेर पडल्याली. त्याला काय म्हाईत? त्यो त्यांना उठवाय गेला. शेवटचं घर आमचंच. तिथवर पोचला का न्हाय, कुणी बघितलं न्हाय."

मनालीनं ती ओळ पुसली. मग म्हणाली, "आज्जी, एक सांगायचं राहिलंय. सुतारानंतर बी हाय."

ते तिनं वाचलं नव्हतं, कारण ते तिच्या हिशेबी चुकीचं मागणं होतं. सुतार झाला की जागल्या आणखी अकरा घरं मागायचा. अडतीस घरांना उत्तर यायचं, मना आहे. ह्या अकरांना उत्तर यायचं, असं काही नाहीच. यादीत तसं पानच नव्हतं. दार बंद असणं वेगळं आणि दारच नसणं वेगळं.

"काय नावानं मागतोय?" पारूबाईनं विचारलं.

"नदीआळी एक, नदीआळी दोन, असं अकरापर्यंत."

आळीला भीमनगर नाव पडून साठ वर्षं झाली होती. नदीआळी म्हणणारं तिच्याशिवाय कुणी जिवंत नव्हतं.

५

दुपारच्या एसटीनं दोघी गेल्या. ऊन चांगलं होतं, दोन्ही बाजूंना आडसाली ऊस.

घाटावरची खोली उंच चौथऱ्यावर होती. पत्र्याचं दार, दाराला कुलूप, किल्ली मनालीच्या पिशवीत. आठ दिवसांत तिथं कुणी आलं नव्हतं, कारण यायचं कामच नव्हतं. मनालीनं कुलूप काढलं. आत यंत्राचा एकच हिरवा दिवा, आणि बारीक घूं घूं असा आवाज, झोपलेल्या माणसाच्या छातीला कान लावावा तसा. जमिनीवर धुळीचा एकसारखा थर. थरावर एक पाऊल नाही.

"काय न्हाय बघ," मनाली म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोकळा होता.

पारूबाई आत गेलीच नव्हती. ती पायरीवर उभी होती आणि पायांखाली बघत होती.

पायरीवर पुराच्या गाळाचा जुना पापुद्रा होता, वाळून कडक झालेला. त्यात गोल खळगे पडले होते, रुपयाएवढे. कुणी काठीचं बूड आपटावं तसे. एकावर एक, शेकड्यांनी, पायरीचा तेवढा भाग चाळणीसारखा झालेला. छत्री टेकली असेल कुणी, मनाली म्हणाली. गुराखी बसत असतील. पारूबाई हो म्हणाली. असतील की. पण खळगे उंबऱ्याच्या अलीकडं होते. कुलपाचं दार, कुणी बघायला नाही, तरी एकही खळगा उंबऱ्यावर नव्हता, एकही आत नव्हता.

उंबऱ्याकडं तोंड करून कुणी तिथं उभं राहिलं असेल, तर फार अदबीनं उभं राहिलं होतं.

पारूबाईनं चपला काढल्या. का काढल्या ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिथून दोघी भीमनगरात गेल्या. कागदावर तिथं कुणी राहत नव्हतं. मागच्या पुरानंतर आळीतल्या घरांना वर माळावर जागा देऊ म्हणून सांगितलं, यादीतून नावं काढली, आणि जागा काही मिळाली नाही. माणसं परत आली. धोंडुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. ती पारूबाईच्या चुलत भावाची सून.

"आत्ती, वाट चुकलीस काय?" म्हणाली आणि उठून चहाला आधण ठेवलं. मनालीनं भोंग्याचं विचारलं तर हसली. "भोंगा वाजतो की. पण वारा उलटा असला की वर गावात ऐकू जातोय, आम्हाला न्हाय. वरच्यांना फोनवर बी येतंय. आमच्या फोनवर कुठनं येणार? यादीत आमी मेलोय."

मनालीनं घरं मोजली. माणसं राहतात अशी घरं दहा भरली. अकरावं घर नदीकडच्या टोकाला, म्हणजे नुसतं जोतं, वर चार पत्रे. धोंडुबाईची शेरडं तिथं बांधलेली. पारूबाई त्या जोत्यापाशी गेली, हातानं दगड चाचपला आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

मनालीनं आजीकडं बघितलं नाही. ती नदीकडं बघत होती. तिथून पाणी तीस पावलांवर होतं.

६

शुक्रवारी सही झाली. तिनं कोरी वही दाखवली नाही. कागदावर स्वच्छ लिहिलं, की अकरा घरं यादीत नव्हती ती घातली. पाणी चढलं की भोंग्याच्या आधी त्या अकरांना फोन जावा म्हणून जागल्याला तेवढ्याच अकरा पानांची मुभा दिली. आणि एक मागणं असं होतं, ज्याचं कारण मला सापडलं नाही. त्याखाली नाव. सौमित्र सर दोन दिवस बोलले नाहीत. नोकरी राहिली. पण ते नंतरचं. आधी गुरुवारची सांज सांगायला पाहिजे.

गुरुवारी सकाळी ग्रामपंचायतीचा कारकून कृष्णात फोनवर हुज्जत घालत होता. यादीत न्हाईत म्हणजे न्हाईत, ठराव लागतो, सभा लागते. मनालीनं त्याला विचारलं, की पाणी आलं तर ते सभेला थांबंल काय? दुपारपर्यंत त्यानं धोंडुबाईसकट दहा घरांची माणसं आणि फोन लिहून दिले. अकराव्या घरात माणूस नव्हतं. मनालीनं ते पान तरीही उघडलं. वर नदीआळी अकरा लिहिलं, आणि खाली फोनच्या जागी आपला स्वतःचा नंबर टाकला.

मग चौकटीत ओळ घालायची वेळ आली. इथं तिचा हात अडला. चौकट लिहिणाऱ्याचा पहिला धडा असा, की मागणारा कोण आणि कशाला मागतोय हे कळल्याशिवाय दार उघडायचं नाही. कशाला, ते तिला कळलं होतं. कोण, ते कळलं म्हणवत नव्हतं. अडतीस घरांना तिनं मुभा दिली नाही. ती द्यायची त्या घरांनी, तिनं नव्हे. अकरांना दिली, आणि दार उघडलं तरी त्याची नोंद व्हावी, असंही लिहिलं. ओळ वाचून दाखवली.

"बरोबर हाय?" तिनं विचारलं. एवढ्या वर्षांत ती आजीला असं पहिल्यांदाच विचारत होती.

"लिही," पारूबाई म्हणाली.

सहा चाळीसला दोघी बसल्या. क्रिकेटची पोरं आज नव्हती. पडद्यावर काही आलं नाही.

पाटील नाही. चौगुले नाही. पारूबाई ओठांत नावं घेत होती, एकेका नावाला लागायचा तेवढा वेळ देत होती, मुल्लाणीला सात मिनिटं, नरद्याला पाणी पिण्यापुरता. पडदा कोराच. अडतीस दारांवरून कुणी गेलंच नाही. सात वाजले, सव्वासात झाले. मनालीला वाटलं, संपलं. कुठली तरी चूक होती, आपल्या हातून नकळत सुधारली. ती तसं म्हणणार, एवढ्यात पारूबाईनं बोट वर केलं. "सुतार झाला. आता आळी."

आणि नोंद उमटली. नदीआळी एक. मुभा. उघडलं, वाचलं, मिटलं.

एकदाच. तीनदा नाही.

नदीआळी दोन. उघडलं, वाचलं, मिटलं. मनाली कुजबुजत वाचत होती, तिच्या अंगावर काटा आला होता, पण तो भीतीचा म्हणावा असा नव्हता. मोठ्या देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर, घंटा वाजायच्या आधी येतो तसा. तीन. चार. आत जातोय, बघतोय, कुणी राहिलं न्हाय ना ते पाहतोय, बाहेर येतोय. सात. आठ. मधलं अंतर कमी होत चाललं होतं. पाणी मागं लागल्यासारखा तो चालत होता. नऊ. दहा.

मग थांबला.

घरात पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता तो शेजारच्यांनी बंद केला. पारूबाईच्या मांडणीवर पातेली किणकिणली. विमानाची वेळ नव्हती. वर आभाळ स्वच्छ होतं, कसलाही आवाज नव्हता. पातेली एकदा किणकिणली, आणखी एकदा, आणि आणखी एकदा, घुंगरांसारखी बारीक, आणि राहिली.

पारूबाईनं डोळे मिटले होते.

"पोचला का गं?" तिनं विचारलं. आवाज बा गेला तेव्हाच्या, बारा वर्षांच्या पोरीचा होता.

मनालीनं पडद्याकडं बघितलं. तिला दोनदा वाचावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि चुकून चालणार नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं मोठ्यानं वाचलं, पहिलीतल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून.

"नदीआळी अकरा. मुभा. उघडलं."

"मग?"

मनाली वाट बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर दिवे लागले. वाचलं नाही आलं, मिटलं नाही आलं.

"मग काय न्हाय, आज्जी. आत गेलाय. अजून आतच हाय."

पारूबाईनं पदरानं तोंड पुसलं. लसणाचं सूप जवळ ओढलं, एक पाकळी घेतली, तशीच हातात धरली.

"असू दे," ती म्हणाली. "ते पान मिटू नको."